संकल्प सोडण्याविषयी

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले की प्राध्यापक-कक्षात दोन गोष्टी हमखास दिसतात: उरलेल्या फराळाचे डबे आणि व्यायामाचे संकल्प. डबे आठवड्याभरात रिकामे होतात, आणि संकल्पही फार काळ टिकत नाहीत. गेल्या वर्षी रक्तातील साखरेचा अहवाल पाहून मीही निश्चय केला, की रोज पहाटे पाचला उठून तासभर चालायचे, आणि तेही कायमचे. अकराव्या दिवशी खाडा पडला, बाराव्या दिवशी लाज वाटली आणि तेराव्या दिवशी संकल्पाचे तेरावेच झाले. "इच्छाशक्ती कमी पडली, सर," असा निवाडा एका सहकाऱ्याने दिला. प्रस्तुत लेख त्या निवाड्याविरुद्ध आहे.

इच्छाशक्तीचे हे तत्त्वज्ञान वरवर निरुपद्रवी दिसते. पण त्याची भाषा तपासून पाहावी. 'फराळ जाळायचा', 'दिवाळीची भरपाई करायची', 'आता तोंडाला कुलूप'. साहित्याच्या विद्यार्थ्याला यामागचे कथानक ओळखू यायला हवे. पाप, पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि पुन्हा पतन, असे ते आहे. त्यात शरीर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असते. चार दिवस खाल्लेल्या चकल्या-करंज्यांना अपराध ठरवले जाते. उरलेले वर्षभर खुर्चीत बसून काढले, याचा उल्लेखही होत नाही. सणाला दोषी ठरवले की रोजच्या जगण्याची झडती टळते, हीच या कथानकाची सोय आहे.

गंमत अशी, की 'संकल्प' हा आपला शब्द याहून कितीतरी शहाणा आहे. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प करतो तेव्हा तो देशकालाचा उच्चार करतो: कोणत्या स्थळी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या मासात, कोणत्या तिथीला, आणि कशासाठी. मगच उदक सोडले जाते. व्रतालाही मुदत असते. चातुर्मास चार महिन्यांचा, सोमवार सोळा, आणि शेवटी उद्यापन. धार्मिक श्रद्धा असो वा नसो, या रचनेतले व्यवहारज्ञान नाकारता येत नाही. आपल्या नववर्षीय निश्चयाला ना स्थळ, ना मुदत, ना उद्यापन. म्हणूनच आपण 'संकल्प सोडतो' तेव्हा, त्याच क्षणी, बहुधा त्यावर पाणीही सोडलेले असते.

आधुनिक संशोधनही याहून वेगळे सांगत नाही. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वचन सर्वत्र ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक 66 दिवस निघाला, आणि माणसागणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत असू शकतो, असा अंदाज आला. या सहभागींनी नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडली होती. म्हणजे पुन्हा देशकालच! शिवाय एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. माझा संकल्प अकराव्या दिवसाच्या खाड्याने मेला नव्हता. बाराव्या दिवसाच्या लाजेने त्याला मारले.

पण प्रश्न इथेच संपत नाही. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार 2022 मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांत सुमारे 57 टक्के. भारतीय स्त्रियांची इच्छाशक्ती पुरुषांहून दुबळी आहे, असे म्हणायला आपण तयार आहोत काय? माझ्या पहाटे पाचच्या संकल्पात एक गोष्ट गृहीत होती: त्या तासात पाणी भरणे, चहा, दोन डबे, हे सारे कोणीतरी करील. ते 'कोणीतरी' म्हणजे माझी पत्नी. डॉक्टरांनी तिलाही चालायला सांगितले होते. तिने संकल्प सोडला नाही, कारण सोडायला तिच्याजवळ तास नव्हता. वसतिगृहातल्या मुलींचीही हीच गत. मैदान मोकळे होते तेव्हा त्यांचे फाटक बंद होते.

यावर आक्षेप येईल, की मग सारे परिस्थितीवर ढकलून स्वस्थ बसायचे काय? मुळीच नाही. निश्चय लागतोच, पण तो पहाटे गजराशी झुंजताना खर्च करण्यापेक्षा घरातल्या कामांची वाटणी बदलण्यात आणि मैदानाची वेळ वाढवून मागण्यात खर्च करावा. ते अधिक कठीण आहे, आणि म्हणूनच बहुधा आपण एकट्याने पहाटे उठण्याचे शौर्य पसंत करतो.

यंदा फराळ मनसोक्त खाल्ला. संकल्प असा: तुलसीविवाहापासून महाशिवरात्रीपर्यंत, सोमवार ते शुक्रवार, शेवटची तासिका संपल्यावर महाविद्यालयाच्या मैदानावर अर्धा तास चालणे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे सांगते, हिशेब जुळतो. पत्नीची वेळ सकाळची. तेव्हा डबे मी भरतो. आतापर्यंत माझे चार खाडे झाले आहेत, तिचा एक. पोळ्या अजून गोल होत नाहीत. असो.