आधी काच, मग बल्ब

जिल्हा ठाणे होता तेव्हाच्या, एमएच-04ची पाटी लावलेल्या गाड्या डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर अजून बऱ्याच धावतात. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण हेडलाइटची काच ताक पिऊन ठेवलेल्या पेल्यासारखी. मालकाला रात्री दिसेनासं झालं की तो ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो, आणि तिथे उत्तर तयारच असतं : ‘एलईडी टाका, दिवसासारखं दिसेल.’ माझं म्हणणं, दुकानाची पायरी चढण्याआधी बादलीभर पाणी आणि वॉटर पेपर घेऊन बसा.

काच म्हणतो खरी, पण ती काच नसतेच. पद्मिनी-ॲम्बेसेडरला खरी काच होती. दगड लागला की फुटायची, पण पिवळी पडत नसे. नंतरच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट आलं. हलकं, चिवट, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे लेचंपेचं. म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक थर देतात. बोर्डी-घोलवडला वाडीत बारा महिने उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा तो थर उन्हाने जातो, हायवेवरच्या गाडीचा डंपरमागच्या धुळीने.

घासण्याआधी दिवा धुवायचा आणि भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायची. मग 800 नंबरचा पेपर, त्यानंतर 1000, 1500, 2000 आणि जमल्यास 3000. पेपर आणि दिवा सतत ओले हवेत. पहिल्या हाताला पिवळट पाणी गळतं. ते पांढरं गळू लागलं की पुढचा नंबर घ्यायचा. मध्येच दिवा आधीपेक्षा वाईट दिसायला लागतो आणि नेमकं तिथेच लोक घाबरून हात आखडतात. शेवटी कंपाऊंडने चमकवायचं. टूथपेस्टचा घरगुती उपाय चमक देतो, पण टिकत नाही. कारण त्याने पृष्ठभाग घासला जातो, वर थर काही बसत नाही. घासलेल्या दिव्यावर यूव्हीचा क्लिअर कोट मारायलाच हवा. तो न मारता ‘नवा करून दिला’ म्हणणाऱ्या कारागिराला मी तरी पैसे देणार नाही. आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर मात्र बाहेरून कितीही घासा, अख्खा दिवा बदलावा लागतो.

मग वायर. समुद्राच्या खाऱ्या हवेत होल्डरच्या पट्ट्या आणि अर्थिंगचे नट गंजतात, तांब्यावर हिरवा थर चढतो. गाडी सुरू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर मीटर लावून बघा. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बरेच ‘म्हातारे’ बल्ब असे निव्वळ उपाशी असतात. अर्थिंग घासून घेतलं आणि रिले बसवला की तोच बल्ब उजळतो. त्याऐवजी 100/90 वॅटचा बल्ब टाकला तर जुना होल्डर वितळतो.

बल्ब बदलायचाच असेल तर साधा 60/55 वॅटचा एच4 घ्या, आणि जोडीने बदला. काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा त्या तापमानाला काचेत भाजला जातो आणि बल्ब लवकर जातो. बसवण्याआधी एकदा नीट न्याहाळा. आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी. ती वाटी उजेड वर जाऊ देत नाही. शिवाय आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढवलेला असतो. रस्त्याकडेचा माणूस दिसावा म्हणून.

हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी घुसवला की हे सगळं गणित विस्कटतं. तारेच्या नेमक्या जागी उजेड येत नाही, झोत चौफेर पसरतो. चालकाला आपल्यापुढचा डांबरी तुकडा लख्ख दिसतो म्हणून तो खूश. समोरच्याला काहीच दिसत नाही. कासा, गंजाड, उधवा या रस्त्यांवर फूटपाथ नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा असो की रोजचं कामावरून परतणं, माणसं अंधारात डांबराच्या कडेनेच चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106वा नियम सांगतो की दिव्यासमोर 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. पाड्यावरच्या शाळकरी पोराचे डोळे दीड मीटरच्या खालीच असतात. म्हणजे नियम पाळूनही तो दिपू शकतो. न पाळणाऱ्याबद्दल काय बोलावं? दंडाची भीती मी घालत नाही, ती इथे कुणाला वाटतही नाही.

फोकस सेट करायला गॅरेजच लागतं असं नाही. सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटर लांब गाडी लावा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या सुमारे 10 सेंटीमीटर खाली पडायला हवी. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असतं, त्याला कुणी हात लावत नाही. डिकीत चिकूचे क्रेट भरले की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा ते 2 किंवा 3 वर न्या, क्रेट उतरले की परत 0.