हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका

डब्यावर हिरवा त्रिकोण दिसला की आपण औषध निर्धोक समजतो. पण त्रिकोणाचा रंग विषबाधेची तात्काळ तीव्रता सांगतो. कर्करोगाविषयी काहीच नाही. मॅलेथिऑन या नेहमीच्या कीटकनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. अमेरिकेत १९९३ पासून शेतकऱ्यांच्या झालेल्या पाहणीत काही औषधांचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आढळला.

फवारणीचे विष मुख्यतः कातडीतून शिरते. म्हणून शेतकऱ्याइतकाच, गळका पंप उघड्या हातांनी खोलणारा आपला कारागीर आणि रिकामे डबे घेणारा भंगारवालाही सांभाळला पाहिजे. दुकानदार बंधूंना आमचे सांगणे एवढेच: बाटलीबरोबर हातमोजेही द्या, आणि धुतलेला पंपच दुरुस्तीला घ्या. गिऱ्हाईक जगले तर धंदा जगेल.