वीणेचे नाव आणि वीणा घडवणारे हात

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले तेथील मराठी राज्य 1855 साली संपुष्टात आले. वीणा घडवण्याचा त्या गावातील जुना व्यवसाय मात्र अद्याप चालू आहे. तो किती काळ चालेल, हा प्रश्न आहे.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. एकाच ओंडक्यातून संपूर्ण कोरलेली वीणा विशेष मोलाची मानली जाते. एरवी घट, दांडी आणि टोकाचे व्याळमुख वेगवेगळे घडवून जोडतात. दांडीवर 24 पडदे असतात. मेण आणि कोळशाची पूड यांच्या मिश्रणात ते एकेक करून बसवले जातात. पडदा केसभर सरकला तरी स्वर ढळतो, म्हणून येथे कारागिराचा कान हीच मोजपट्टी. हा कान पुस्तकाने तयार होत नाही; जाणत्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते.

2013 साली या वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु त्याने कारागिराच्या घरची चूल पेटेलच असे नाही. कारागिरांची अनेक मुले आज अन्य नोकऱ्यांकडे वळत आहेत. 'नव्या पिढीला कष्ट नकोत' असे यावर सहज म्हटले जाते. हे म्हणणे अन्यायाचे आहे. ठरलेल्या तारखेला हाती पडणाऱ्या पगारासाठी तीच मुले शहरात कमी कष्ट करत नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली मांडले, की योग्य वेतन आणि बऱ्या सोयी यांमुळे कामगाराची नाराजी टळते. समाधान मात्र कामातील यश, जबाबदारी आणि कदर यांतून येते. या विचाराचा सोयीस्कर अर्थ काढणारे मालकही असतात. शाबासकी दिली की पगार वाढवायला नको, असे त्यांना वाटते. उपाशी माणसाला शाबासकी गोड लागत नाही, एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.

कारखान्यातील यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. पडदे बसवणारा कारागीर काम सोडून गेला, तर त्याच्याबरोबर त्याचा कानही जातो, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत नसेल तर तो कायमचा जातो. शिवणकामाच्या दुकानात, मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमध्येही थोड्याफार फरकाने हेच घडते. म्हणून कामगाराच्या समाधानावरचा खर्च धंद्याच्या भांडवलातच धरला पाहिजे.

तंजावरपुरते बोलायचे, तर शिकाऊ मुलाला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळावे आणि कारागिराला वीणा विकली जाण्याआधी मजुरी मिळावी. मैफलीत टाळ्या वादकाला मिळतात, ते योग्यच आहे. पण त्याच्या मांडीवरची वीणा कोणी घडवली, हे श्रोत्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? घडवणाऱ्याचे नाव दांडीवर कोरायला फार जागा लागत नाही.