तोडण्याआधीची क्रियापदे

वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयाच्या कागदोपत्री ‘विवाहविच्छेद’ हा शब्द असतो. बोलताना मात्र ‘त्यांनी तोडलं’ एवढ्यावर विषय संपतो. नव्या पिढीला तेही लांब वाटते. फोन कट, वीज कट, मैत्री कट आणि नातेही कट! एका परक्या शब्दाने मराठीतील किती क्रियापदे गिळली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

वास्तविक दुरावण्याच्या प्रत्येक पायरीला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले आहे. कळी खुडतात, फांदी तोडतात, सोयरीक मोडतात, हट्ट सोडतात आणि फोन ‘ठेवतात’. धागा ‘तुटला’ म्हणजे दोष कोणाचाच नाही. ‘तोडला’ म्हटले की कोणीतरी उत्तर देणे लागतो. ‘कट झाला’ या प्रयोगात कर्ता नाही आणि जबाबदारीही नाही.

मंगल वस्तूंबाबत तर भाषेने अधिक काळजी घेतली. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’, नारळही ‘वाढवला’. दिवा विझवायचा नाही, ‘शांत’ करायचा. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे. हा केवळ शकुन-अपशकुनाचा भाग नाही. परतीची वाट मोकळी ठेवण्याचा संस्कार आहे.

याचा अर्थ आपल्या समाजात विच्छेदच नव्हता, असा नव्हे. अनेक जातींत काडीमोडीची आणि सोडचिठ्ठीची रूढी होती. ‘घटस्फोट’ हा शब्द तर मुळात धर्मशास्त्रातील, पतिताला समाजाबाहेर टाकताना त्याच्या नावाने घट फोडण्याच्या विधीचा. बहिष्काराचा तो कठोर शब्द पती-पत्नीच्या विभक्त होण्याला चिकटला आणि घटस्फोटितेकडे समाज बहिष्कृतेसारखाच पाहू लागला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याने शक्य तेथे समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले. १९७६च्या दुरुस्तीने परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची तरतूद आणली. संसार मोडत आल्यावरही तोडण्यापूर्वी विचार व्हावा, हाच तिचा हेतू. हा अवधी अटळ नाही, योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, तेही योग्यच. जिथे छळ आहे, तिथे सोसण्याचा उपदेश हा अधर्म होय. तिथे सुटका हाच धर्म, आणि माहेराने व समाजाने त्या लेकीच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

परंतु प्रत्येक अबोला छळ नसतो आणि प्रत्येक मतभेद शेवट नसतो. अहंकार सोडणे, शब्द मागे घेणे, वाद बाजूला ठेवणे ही क्रियापदे घरात वापरात राहिली, तर पुष्कळ नाती न्यायालयाच्या पायऱ्या चढणार नाहीत. ती वापरण्याची सवय वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःला लावावी. मुले ऐकूनच शिकतात.

मराठीत भांडणावर ‘तोड काढतात’. तोडणाऱ्या धातूतूनच समेटाचा शब्द घडवणाऱ्या भाषेच्या लेकरांना जोडणे अवघड का वाटावे?