खनिजांचा नकाशा पाठ करून काय होणार?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, ‘भंडारा – मँगनीज, चंद्रपूर – कोळसा’ ही घोकंपट्टी आता पुरे. मुलं जोड्या लावतात, मार्क घेतात. पण “आपल्या वाशिममध्ये तांब्याची खाण का नाही?” असं एखाद्यानं विचारलं, की आपण पान उलटतो. आपण उत्तर दिलं नाही, तर गुप्तधन दाखवणारे बाबा द्यायला बसलेलेच आहेत!

उत्तराचा मोठा भाग उष्णतेत आहे. भाकरी लवकर निवते, पण पातेल्यातलं वरण तासाभरानंही तोंड पोळवतं. तसंच शिलारसाचं. तो जमिनीखालच्या भेगेत शिरून खडकाची उभी भिंत बनते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा कितीतरी भिंती उघड्या दिसतात. मीटरभर जाडीची भिंत काही आठवड्यांत निवते. जाडी दहापट झाली की वेळ साधारण शंभरपट. किलोमीटरभर जाडीचा साठा हजारो वर्षं गरम राहतो. तेवढा काळ भोवतीचं पाणी तापून भेगांतून फिरतं, विरघळलेले धातू वाहून नेतं आणि निवताना तिथंच सोडतं. चिलीतले तांब्याचे मोठे साठे असेच बनले. झारखंडात झरियाला डाइकच्या उष्णतेनं शेजारचा कोळसाच भाजला. तिथले लोक त्याला झामा म्हणतात. (सगळी खनिजं अशी बनत नाहीत बरं का. भंडाऱ्याच्या मँगनीजची गोष्ट वेगळी.)

आपल्याकडे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर पसरला, थरावर थर निवत गेला आणि जुने खडक त्याखाली झाकले गेले. पण त्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कोमट पाणी झिरपून जे साचलं, त्यातूनच शेतात सापडणाऱ्या गारगोट्या झाल्या. धातू नाही, पण रीत तीच.

शास्त्रज्ञ ही उष्णता कॉम्प्युटरवर मांडतात. कुठे किती ताप होता आणि किती काळ टिकला हे काढतात, मग ड्रिल कुठे मारायचं ते ठरवतात. नुसत्या उष्णतेनं साठा बनत नाही. भेगा, पाणी, धातू सगळं जुळावं लागतं. तरी शोधायची जागा कमी होते, खर्च वाचतो.

“प्राथमिकच्या पोरांना हे कशाला?” असं म्हणाल. अहो, बेरीज आणि निम्मं करता येतं ना? मग पाटीवर आठ चौकटी आखा: 0, 0, 0, 1200, 1200, 0, 0, 0. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करून निम्मी करा, तो तिचा नवा आकडा. टोकांच्या पलीकडे शून्यच धरा. पहिल्याच फेरीत मिळेल 0, 0, 600, 600, 600, 600, 0, 0. कॉम्प्युटरही मुळात हेच करतो, फक्त लाखो चौकटींवर.

मग मधल्या चार चौकटींत 1200 लिहून पुन्हा करायला लावा. पहिल्या फेरीनंतरही मधल्या दोघी 1200 वरच राहतात. का, ते मुलांनाच सांगू द्या.