अँपिअरच्या आकड्याला भुलू नका

आजोबांची जीप कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. बेळगावच्या पावसाने तिच्या तळाचा पत्रा हाताने मोडावा इतका गंजला. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मी ठरवलं, वेल्डिंग मशीन आणू आणि आपणच करू. एरवी सुट्टीसुद्धा लॅपटॉपसमोरच जाते!

‘२०० अँपिअर’ लिहिलेलं स्वस्तातलं रॉडचं मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी नॉब वर नेला आणि एमसीबी पडला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “काय रे, मिक्सर बंद पडला की!”

मग गणित मांडलं, जे घेण्याआधी मांडायला हवं होतं. रॉडने १०० अँपिअरवर काम करताना व्होल्टेज साधारण २४ असतं, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधला तोटा धरला तर भिंतीतून सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे १३ अँपिअर किंवा थोडं जास्तच. २०० अँपिअरला हाच आकडा ३०च्या घरात जातो. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा! तेव्हा मशीनआधी घरची वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ‘१६० अँपिअरला ६० टक्के’ म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं काम, ४ मिनिटं विश्रांती. ज्या मशीनवर हा आकडा छापलेलाच नाही, ते घेऊ नका.

खरा धडा पत्र्याने दिला. गाडीचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. रॉड टेकवला की भोक. भोक बुजवायला गेलो की आणखी मोठं भोक. रॉडचं मशीन स्वस्त, वाऱ्यातही चालतं, गेट किंवा जाड अँगलसाठी उत्तम. पत्र्याला मात्र मिग हवं. त्यात ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे येते आणि उष्णता आटोक्यात राहते. त्यासाठी गॅसचा सिलिंडर लागतो, आणि वाऱ्यात तो गॅस उडून वेल्ड सच्छिद्र होतो. बिनगॅसची तारही मिळते, पण ठिणग्या जास्त आणि पातळ पत्र्यावर हात जपून चालवावा लागतो. टिगचं काम सर्वांत देखणं, पण संथ; पहिलं मशीन म्हणून नकोच. एकाच यंत्रात मिग आणि रॉड दोन्ही असलेलं मशीन घरच्या कामाला पुरतं. मी शेवटी तेच घेतलं.

मशीनच्या पैशांत हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडर आणि अग्निशामकही धरा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, हात लावू नका. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आधी घासून घ्या. त्याचा धूर ताप आणतो.

महिनाभरात तळाचा पत्रा बसला. माझी हिंमत वाढली. चेसिसला एक तडा होता, तोही भरायचं ठरवलं. उद्यमबागेत आयुष्य काढलेले शेजारचे काका म्हणाले, “आधी दोन तुकडे जोडून दाखव.” जोडले. वरून वेल्ड झकास दिसत होता. काकांनी तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला. दुसऱ्या घावाला सांधा उघडला. आत धातू वितळलाच नव्हता, नुसता वर बसला होता.

“ह्या गाडीत तुझी आई बसणार न्हवं?” एवढंच ते म्हणाले.

कोडमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. घाटात सुटलेला सांधा तशी संधी देत नाही. चेसिस, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्टचे सांधे मी काकांकडे सोपवले. गाडीचा मूळ साचा बदलायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आधी आरटीओत विचारा.

येत्या रविवारी जीप रस्त्यावर येईल. मी अजून भंगारातले तुकडे जोडतो आणि हातोड्याने तोडून बघतो. तुम्हीही मशीन आणलंत तर पहिला महिना एवढंच करा.