क्लाउड ही तिसरी प्रत

ऑनलाइन साठवणूक छायाचित्रकाराला तीन कामांसाठी लागते: चालू कामाच्या फाइली दोन-तीन संगणकांवर सारख्या ठेवणे, ग्राहकाला फोटो पोहोचवणे आणि पूर्ण झालेले काम वर्षानुवर्षे जपणे. बाजारातल्या सेवाही याच तीन कामांसाठी वेगवेगळ्या घडवलेल्या आहेत. त्यामुळे कोणती सेवा किती जीबी देते याआधी ती कोणत्या कामाची आहे, हे पाहावे लागते.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि आयक्लाउड या मुख्यतः सिंकच्या सेवा आहेत. फुकट मिळणारी जागा अनुक्रमे १५, ५, २ आणि ५ जीबी. गूगलच्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोही मोडतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर या १५ जीबीत पाच-सहाशे फ्रेम बसतात. लग्नाच्या तीन हजार फ्रेमना ७५ ते ९० जीबी लागतात. म्हणजे व्यावसायिकाला फुकटची जागा एका कामालाही पुरत नाही.

जागा विकत घेतली तरी सिंकचा स्वभाव बदलत नाही. सिंक म्हणजे आरसा. संगणकावरचा फोल्डर चुकून पुसला, की क्लाउडवरचाही पुसला जातो. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, की त्याच बिघडलेल्या फाइली वर चढतात. पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. अल्बमची निवड करायला ग्राहक सहा महिने लावतो, तिथे ही मुदत तोकडी आहे. चालू एडिटिंगसाठी सिंक उत्तम. त्याला बॅकअप समजणे धोक्याचे.

गूगल फोटोज ही पाहण्याची आणि दाखवण्याची सोय आहे. तिथली अमर्याद फुकट साठवणूक १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा वाचवणारा पर्याय निवडल्यास १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढा लहान केला जातो आणि रॉ फाइलची जेपेग होते. ग्राहकाला निवडीसाठी फोटो पाठवायला एवढे पुरते; मूळ फाइल जपायला नाही.

तिसऱ्या कामासाठी अॅमेझॉन एस-३ सारख्या सेवा आहेत. एस-३ ही २००६ साली सुरू झाली आणि अॅमेझॉनचे मुंबईतले डेटा सेंटर क्षेत्र २०१६ पासून चालू आहे. फाइलच्या जुन्या आवृत्त्या राखणे आणि ठरावीक मुदतीपर्यंत ती कोणालाच पुसता येऊ नये असे कुलूप लावणे, या दोन्ही सोयी तिथे आहेत. तिचा ग्लेशियर डीप आर्काइव्ह हा सर्वांत स्वस्त प्रकार. मात्र त्यात फाइल किमान १८० दिवसांच्या भाड्याने ठेवावी लागते आणि परत मागितली की हाती यायला सहसा १२ तासांपर्यंत लागतात. शिवाय माल आत नेणे स्वस्त आणि बाहेर काढणे महाग, असा या सेवांच्या दराचा एकूण कल असतो. म्हणून तुलना करताना मासिक भाड्याबरोबरच सगळा संग्रह एकदा परत उतरवून घेण्याचा खर्चही मांडला पाहिजे.

वेळेचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. ४० एमबीपीएस अपलोड वेग अखंड मिळाला तरी ९० जीबी चढायला पाच तास लागतात. २० एमबीपीएसला दहा. लग्नसराईत लागोपाठच्या तारखा असतील तर रोजचा अपलोड रात्रीतच उरकावा लागतो. इंटरनेट जोडणी घेताना डाउनलोडच्या जाहिरातीपेक्षा अपलोडचा वेग विचारावा, तो यासाठीच.

कोणतीही एक सेवा पुरेशी का नाही, याची दोन उदाहरणे या क्षेत्राला ठाऊक असायला हवीत. डिजिटल रेलरोड ही छायाचित्रकारांसाठीच असलेली अमेरिकी सेवा ऑक्टोबर २००८ मध्ये बंद पडली, तेव्हा सभासदांना फोटो काढून घेण्यासाठी अवघ्या २४ तासांची मुदत मिळाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळाली आणि अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम म्हणूनच आजही खरा ठरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. स्टुडिओत आग लागली, पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क एकदमच जातात. तेव्हा उरते ती क्लाउडवरची प्रत. कामाची डिस्क, कपाटातली दुसरी डिस्क आणि क्लाउडवरची तिसरी प्रत, अशी ही वाटणी लहान स्टुडिओलाही झेपते. क्लाउडच्या खात्याला दुहेरी पडताळणी हवी, पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत हवा आणि दर तीन महिन्यांनी एखादे जुने काम उतरवून, फाइली उघडून पाहायला हव्यात. उघडून न पाहिलेला बॅकअप भरवशाचा धरता येत नाही.

तीनही प्रती जागेवर पोहोचल्याची खात्री होईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये.